प्रोपोफॉल पहिल्यांदा हाताळताना

प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाला उतारा नाही, हे आधी मनात पक्के करा; मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधासाठी फ्लुमाझेनिल हा उतारा असतो, येथे मात्र अंमल उतरेपर्यंत रुग्णाचा श्वास तुम्हालाच सांभाळावा लागतो. म्हणून सक्शन (तोंड-घशातील स्राव ओढून काढणारे यंत्र), ऑक्सिजन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) स्वतः तपासल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नका.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घाई: वृद्ध रुग्णात रक्ताभिसरण मंद असल्याने परिणाम उशिरा दिसतो आणि तेवढ्यात दुसरा डोस दिला जातो. थोडे द्या, थांबा, पाहा. ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) उशिरा घसरते, त्यामुळे नजर कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, ठेवा. हे स्निग्ध औषध जंतूंनाही मानवते, तेव्हा उरलेली सिरिंज पुढच्या रुग्णासाठी कधीही ठेवू नका. औषध सतत थोडे थोडे सोडणाऱ्या इन्फ्यूजन पंपाचे गणित सध्या बाजूला राहू द्या. हात लवकरच बसेल.