जपानी आणि व्हिएतनामी लोक येत्या काळात खरंच एकमेकांच्या जवळ येतील का?

प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण ज्या बिल्डिंगमध्ये बसून हे टाईप करतेय तिच्यात आठ घरं आहेत, चार जपानी, तीन व्हिएतनामी आणि एक आमचं सांगलीकरांचं. मी पुण्यात जपानी शिकले (पुण्यात दर तिसऱ्या गल्लीत जपानीचा क्लास आहे हे तुम्हाला माहीत असेलच) आणि गेली नऊ वर्षं जपानमधल्या हामामात्सुमध्ये एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत दुभाष्याचं काम करते. त्यामुळं मी काही परराष्ट्र धोरणाची तज्ज्ञ वगैरे नाही, पण हा विषय माझ्या रोजच्या जिन्यात आहे.

थोडक्यात उत्तर असं की लोक जवळ येतच असतात हो, चारशे वर्षांपासून येतायत. दर वेळी सरकार मध्ये येऊन दार लावतं. या वेळी लावेल का, ते सांगते.

आधी आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. २०१२ च्या आसपास अख्ख्या जपानमध्ये व्हिएतनामी लोक होते ५० हजारांच्या थोडे वर. २०२४ च्या शेवटी ६ लाख ३४ हजार. परदेशी लोकांमध्ये चिन्यांच्या खालोखाल आता तेच. उलट व्हिएतनाममध्ये राहणारे जपानी २० हजारांच्या आसपास, तेही बहुतेक कंपनीने पाठवलेले साहेब लोक, हो ची मिन्ह सिटीत एका विशिष्ट भागात राहतात, तिथंच जपानी बार, तिथंच जपानी डॉक्टर. म्हणजे एका बाजूनं कामगार येतात आणि दुसऱ्या बाजूनं मॅनेजर जातात. या जवळिकीत हा तिरकेपणा आहे, तो सुरुवातीलाच मान्य केलेला बरा.

सरकारी पातळीवर तर सगळं गोडच गोड आहे. राजनैतिक संबंध १९७३ चे, २०२३ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा 'सर्वंकष सामरिक भागीदारी' असं भारदस्त नाव दिलं, हनोईचा न्हात तान पूल जपानी कर्जातून, हो ची मिन्ह सिटीची पहिली मेट्रो जपानी कर्जातून (२०१२ ला काम सुरू झालं आणि २०२४ च्या डिसेंबरात गाडी धावली, मेट्रोच्या बाबतीत पुणेकरांनी एकट्यानं दुःख करू नये), आणि दक्षिण चिनी समुद्रात चीनची दादागिरी दोघांनाही नकोय. ते चालूच राहणार, त्यावर जास्त लिहीत नाही. तुम्ही 'लोक' असं विचारलंय.

तर लोकांची गोष्ट. मध्य व्हिएतनाममध्ये होई आन म्हणून जुनं बंदर आहे, फोटोत कागदी कंदील दिसतात ते. १६०० च्या आसपास तिथं जपानी व्यापाऱ्यांची वस्ती होती, तिथला छपराचा पूल आजही 'जपानी पूल' म्हणूनच ओळखला जातो आणि व्हिएतनामच्या २० हजार डोंगच्या नोटेवर आहे. (२०२४ मध्ये डागडुजी करून परत उघडला तर फार नवा दिसतो म्हणून लोकांनी फेसबुकवर बोंब मारली. लोक सगळीकडे सारखेच.) नागासाकीचा एक व्यापारी होता, आराकी सोतारो. तिथल्या न्गुयेन राजानं आपली मानलेली मुलगी त्याला दिली, १६१९ मध्ये, आणि ती नवऱ्याबरोबर नागासाकीला नांदायला आली. नागासाकीकर तिला 'अनिओ-सान' म्हणायचे. का, तर असं सांगतात की ती नवऱ्याला 'आन्ह ओइ' अशी हाक मारायची. आता 'आन्ह ओइ' म्हणजे काय, तर आपलं 'अहो'! लोकांना वाटलं हेच काहीतरी नाव असणार. म्हणजे आपली एखादी बाई नवऱ्याला 'अहो, ऐकलंत का' म्हणत परदेशात गेली आणि तिथं तिचं नावच 'अहोबाई' पडलं, तसं. मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर एकटीच हसत होते. अजूनही नागासाकीच्या ऑक्टोबरमधल्या कुन्ची उत्सवात तिच्या वरातीचं जहाज निघतं, लहान मुलं नवरानवरी होऊन वर बसतात.

पण १६३५ मध्ये शोगुनचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाचा, हुकूम निघाला, जपान्यांनी बाहेर जायचं नाही, बाहेर आहेत त्यांनी परत यायचं नाही, आलात तर मरण. होई आनचे जपानी तिथंच अडकले आणि हळूहळू तिथल्याच मातीत मिसळून गेले, अनिओ-सान नागासाकीतच वारली. दार पहिल्यांदा लागलं ते असं.

दुसऱ्यांदाची गोष्ट माझ्या घराजवळची आहे म्हणून जरा लांबवते. १९०५ मध्ये जपाननं रशियाला हरवलं, आपल्याकडंही त्याचं केवढं कौतुक झालं होतं, तसं व्हिएतनाममध्येही झालं, आणि फान बोइ चाउ नावाचा फ्रेंचांविरुद्धचा क्रांतिकारक त्याच वर्षी जपानला आला. पाठोपाठ त्यानं पोरांना शिकायला बोलवून घेतलं, 'दोंग झू' म्हणजे 'पूर्वेकडे चला' अशी ती चळवळ, साधारण २०० मुलं आली. मग जपाननं १९०७ मध्ये फ्रान्सशी करार केला आणि फ्रान्सच्या सांगण्यावरून या मुलांची हकालपट्टी सुरू झाली, १९०९ मध्ये फानलाही घालवून दिलं. अशा वेळी आसाबा साकितारो नावाच्या एका डॉक्टरनं, ज्याचा राजकारणाशी काही संबंध नाही, त्यांना तेव्हाचे १,७०० येन काढून दिले. सरकार हाकलतंय आणि डॉक्टर पैसे देतोय. फान १९१८ मध्ये परत आला तर डॉक्टर वारलेला. मग त्यानं डॉक्टरच्या गावी दगडी स्मारक उभं करायचं ठरवलं, पैसे पुरेनात, तर गावकऱ्यांनी हात लावला आणि ते उभं राहिलं. ते गाव आता फुकुरोई शहरात येतं, हामामात्सुहून लोकल ट्रेननं वीसेक मिनिटं. मी गेलेय. देवळाच्या आवारात उंच दगड आहे, कुणी नसतं, कावळे असतात. आमच्या फॅक्टरीतल्या एका व्हिएतनामी मुलाला घेऊन गेले होते, त्याला फान बोइ चाउ शाळेच्या पुस्तकातून पाठ होता, पण तो गडी आपण राहतो तिथून चार-पाच स्टेशनांवर येऊन गेलाय हे काही माहीत नव्हतं. बराच वेळ दगडावर हात ठेवून उभा होता.

तिसरी वेळ वाईट आहे. १९४० मध्ये जपानी सैन्य व्हिएतनाममध्ये शिरलं. भात वसूल केलं, काही ठिकाणी भाताच्या जागी ताग लावायला लावला, त्यात वादळं, त्यात बॉम्बहल्ल्यांनी रस्ते-रेल्वे तुटलेल्या, आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात उत्तरेत दुष्काळ पडला. मेलेल्यांचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातात. कोरिया-चीनसारखा याचा राग व्हिएतनाममध्ये उघडपणे का दिसत नाही असं मला इथं आपले लोक विचारतात. माझ्या मते एक म्हणजे त्यानंतर फ्रेंच आणि अमेरिकेबरोबरची तीस वर्षांची युद्धं त्यावर येऊन पडली, आणि दुसरं म्हणजे हनोईच्या सरकारनंच ठरवलं की मागचं उकरायचं नाही. पण विसरलेले नाहीत. त्या फॅक्टरीतल्या मुलाच्या पणजीनं केळीचे खुंट खाऊन दिवस काढले होते, त्यानं हे मला चहा पिताना अगदी सहज सांगितलं, समोरच्या जपानी सुपरवायझरला मात्र कधी सांगितलं नाही.

आणि त्यातही बघा, युद्ध संपल्यावर ६०० च्या आसपास जपानी सैनिक परत गेले नाहीत, हो ची मिन्हच्या लोकांना फ्रेंचांविरुद्ध लढायला शिकवत राहिले, तिथंच लग्नं केली, मुलं झाली. १९५४ मध्ये परत जायची वेळ आली तेव्हा पहिल्या तुकडीला बायकामुलं बरोबर न्यायची परवानगीच नव्हती. काहींनी जपानमध्ये दुसरी लग्नं केली. २०१७ मध्ये सम्राट अकिहितो हनोईला गेले तेव्हा या मागं राहिलेल्या घरच्यांना भेटले, त्यांत नव्वदी ओलांडलेली एक बायको होती. बायको म्हणू की विधवा, मला शब्दच सुचत नाही.

हा सगळा इतिहास सांगायचं कारण असं की आजची गोष्ट नेमकी इथंच येऊन अडते, घरच्यांना आणू देतात की नाही.

आमच्या बिल्डिंगमधली तिन्ही व्हिएतनामी घरं म्हणजे खरं तर 'घरं' नाहीत. दोन खोल्यांत चार-चार पोरं. 'गिनो जिश्शू', म्हणजे तांत्रिक प्रशिक्षणार्थी, अशा नावाखाली येतात, १९९३ पासूनची योजना. कागदावर हेतू असा की यांना कौशल्य शिकवून परत पाठवायचं, प्रत्यक्षात यांच्याशिवाय इथली वेल्डिंगची दुकानं, कोबीची शेतं आणि मासे कापायचे कारखाने बंद पडतील. येताना एजंटला पैसे, इमिग्रेशन खात्यानं २०२२ मध्ये पाहणी केली तर व्हिएतनामींचा हा आकडा सरासरी पावणेसात लाख येनच्या पुढं, बहुतेकांनी कर्ज काढलेलं. एकदा आलात की मालक बदलता येत नाही. बायकोमुलं आणता येत नाहीत. कुमामोतोत एका मुलीनं परत पाठवतील या भीतीनं गरोदरपण लपवलं, जुळी मेलेली जन्मली, तर प्रेत टाकून दिल्याचा खटला तिच्यावरच. शेवटी २०२३ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं निर्दोष सोडलं, पण तोवर अडीच वर्षं गेली.

आता २०२४ मध्ये कायदा करून ही योजना मोडीत काढलीय, २०२७ पासून 'इकुसेई शूरो' ही नवी योजना येतेय, त्यात एक-दोन वर्षांनी अटी पाळून त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. चांगलंय. पण कुटुंब? तीन वर्षं हे, मग पुढचा 'तोकुतेई गिनो', म्हणजे ठराविक कौशल्याच्या कामाचा, पहिल्या पायरीचा व्हिसा पाच वर्षं, तोवर एकट्यानंच राहायचं. दुसऱ्या पायरीची परीक्षा पास झालात तर बायकोमुलं. विशीत आलेला पोरगा तिशीला टेकतो. असं ठेवून 'दोन देशांतल्या जनतेची मैत्री' म्हणायचं म्हणजे माणूस नको, फक्त हात पाठवा, असं झालं.

बरं, शेजारी म्हणून जपानी लोक वाईट आहेत का, तर अजिबात नाही. आमच्या इथली पहिल्या मजल्यावरची ओबासान, म्हणजे काकू, आधी यांच्यावर जाम चिडलेली असायची, कचरा चुकीच्या दिवशी टाकतात, रात्री बाल्कनीत फोनवर मोठ्यानं बोलतात. मलाच बोलवायची, जसं काही मी सगळ्या परदेशी लोकांची वर्गप्रमुख. मग एका वर्षी तेतला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, पोरांनी पानात बांधलेला चिकट भाताचा बान चुंग तिला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तिनं डबा परत केला तो रिकामा नाही, आत मुळ्याचं लोणचं. रिकामा डबा परत करायचा नाही हे आपल्यासारखं जपान्यांकडंही आहे! तेव्हापासून कचऱ्याचं वेळापत्रक तीच रंगीत पेननं लिहून त्यांच्या दाराला चिकटवते.

आणि यांना एकमेकांचं शिकायला सोपंही जातं. चिनी शब्द दोघांकडं आपल्या संस्कृत शब्दांसारखे, उच्चार बदलून बसलेत. लग्नाला जपानीत केक्कोन, व्हिएतनामीत केत होन. मताला इकेन आणि ई किएन. ही पोरं १९९२ पासून तिकडं छापल्या जाणाऱ्या दोरेमोनवर वाढलीत, दक्षिणेत कुठल्याही मोटारसायकलला होंडाच म्हणतात, आणि नव्वदीत 'ओशिन' मालिका इतकी चालली की घरकाम करणाऱ्या बाईला व्हिएतनामीत 'ओ-शिन' हाच शब्द पडला. आता त्यांच्या मुली इथं येऊन जपानी म्हाताऱ्यांची सेवा करतात. असो. मला तर इथल्या व्हिएतनामी किराणा दुकानाचा वैयक्तिक फायदा आहे, सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या चार काड्यांना जे मोजायचे त्यात तिथं अख्खी जुडी मिळते.

मग दार परत लागेल का? एका बाजूनं वारं तसं आहे, २०२५ च्या जुलैमध्ये 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाला वरिष्ठ सभागृहात १४ जागा मिळाल्या. पण २०२४ मध्ये या देशात ७ लाखांहून कमी जपानी मुलं जन्मली, त्यामुळं दार लावून बसायची चैन परवडणारी नाही. मला भीती वेगळीच वाटते, या वेळी दार पलीकडूनच लागेल. येन पडलाय, घरी पाठवलेल्या पैशाचे डोंग कमी होतायत, तैवान आहे, कोरिया आहे, जर्मनी आहे, आणि व्हिएतनाममध्येच पगार वाढतायत. शिवाय तिकडंही मुलं कमी होतायत, २०२५ मध्ये त्यांनी दोन अपत्यांचा नियमच काढून टाकला. जपाननं आता भारताकडं बघायला सुरुवात केलीय, पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी ५ लाख लोकांची देवाणघेवाण असं २०२५ च्या ऑगस्टमध्ये ठरलंय, तेव्हा आपल्याकडच्या आयटीआयच्या पोरांनी यांचे अनुभव नीट ऐकावेत.

फुकुरोईला माझ्याबरोबर आलेला तो मुलगा, त्याचं इथलं हे सातवं वर्ष. बायको तिकडं व्हिएतनाममध्ये न्गे आनला, मुलगी पाच वर्षांची, व्हिडिओ कॉलवर 'बा' अशी हाक मारते, आपल्यासारखंच, बा म्हणजे बाप. दुसऱ्या पायरीच्या परीक्षेत दोनदा नापास झालाय, तिसऱ्यांदा फॉर्म भरलाय, रविवारी माझ्याकडं जपानीची उजळणी करायला येतो आणि ओबासानही मध्येमध्ये येऊन त्याचे उच्चार सुधारते. गेल्या रविवारी ती खाली गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "सेन्सेई, कोरियन शिकायला जपानीपेक्षा सोपी असते का?"