कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्या सेटरना नगामागे इन्सेंटिव्ह दिला तर त्यांचा कामातला रस वाढेल का?

नाही, उलट सेटिंगसारख्या डोकं लागणाऱ्या कामातला रस त्याने कमी होण्याचीच शक्यता जास्त. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे मिळाले होते, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी वळले. पुढे १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र तपासले. आधीच कबूल केलेल्या बक्षिसाने मूळची गोडी घटलेली दिसली, कौतुकाच्या शब्दांनी मात्र ती वाढली. तुमच्याकडे हे रिजेक्शनमध्ये, म्हणजे नापास नगांत दिसेल: बोअर (भोक) मापात बसेपर्यंत ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) पुन्हा पुन्हा बघणारा माणूस नगाच्या नादात ‘चालतंय की’ म्हणून पुढचा जॉब लावेल. त्यापेक्षा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) किंवा फिक्स्चरमध्ये (नग पकडणाऱ्या साधनात) काय बदलावं हे त्याला ठरवू द्या, आणि काम नेमकं कुठं चांगलं झालं ते मशीनपाशी जाऊन सांगा. चांगल्या कारागिराला ते हवंच असतं! डिबरिंग (नगाच्या कडांची कूस काढणं), पॅकिंगसारख्या कंटाळवाण्या कामाला नगावर पैसे द्यायला हरकत नाही, तिथं घटायला फारशी गोडी नसतेच. पगार वेळेवर आणि शेजारच्या युनिटांच्या तोडीचा आहे, हे मी धरून चाललोय.