शेवटच्या गड्याचा पॉइंटही तेवढाच मोठा: डिस्क गोल्फच्या टीम मॅचबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार. खारघरला आमचा डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, बहुतेक जण आधी अल्टिमेट फ्रिसबी खेळायचे. ठाण्यात घोडबंदर रोडला तसाच एक ग्रुप आहे आणि आता दोघांची टीम मॅच भरवायचं चाललंय. आमच्यात दोन-तीन जण एकदम भारी आहेत, बाकी सगळे नवीन. ठाणेवाले सगळे साधारण सारख्याच लेव्हलचे. सगळ्यांच्या थ्रोची बेरीज करायची आणि ज्यांची कमी ती टीम जिंकली, असं ठरत आलंय, पण आमची नवीन मुलं आत्तापासूनच म्हणतायत की आम्ही येत नाही, आमच्यामुळे टीम हरेल. काय करावं?
एक वाचक, खारघर

उत्तर: बेरीज करूच नका. तुमची मुलं बरोबर बोलतायत, बेरजेत खरंच एकाच्या वाईट दिवसाने अख्खी टीम बुडते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क (फ्रिसबीसारखी चकती) फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढचा थ्रो, असं साखळ्यांच्या बास्केटमध्ये पडेपर्यंत चालतं. टी ते बास्केट हा एक होल, आणि कमी थ्रोमध्ये होल संपवणारा पुढे. डिस्क पाण्यात किंवा हद्दीबाहेर गेली की दंडाचा एक थ्रो वाढतो. आता समजा तुमच्या नवीन मुलाची डिस्क तळ्याकाठच्या होलवर दोनदा पाण्यात गेली आणि दंड धरून त्याचे ९ झाले, समोरच्याचे ३. बेरजेत टीम एका होलवर ६ थ्रोने मागे गेली, ते भरून काढायला तुमच्या भारी खेळाडूला पुढचे सहा होल प्रत्येकी एकेक थ्रो वाचवावा लागेल. म्हणजे त्या मुलाचा उरलेला दिवस गेलाच, तो प्रत्येक थ्रोला मागे वळून कॅप्टनचा चेहरा बघत बसणार.

त्यापेक्षा मॅच प्ले खेळा. यात एकास एक जोडी लावतात आणि प्रत्येक होल स्वतंत्र धरतात. ९ विरुद्ध ३ झाले तरी एकच होल गेला, ४ विरुद्ध ३ झाले असते तरी तोच एक होल गेला असता. पुढच्या टीवर तो पोरगा फक्त एकने मागे असतो, आणि तिथे त्याने आठ-नऊ मीटरवरून पट् (बास्केटजवळून मारायचा छोटा थ्रो) मारला, साखळ्या खणखणल्या, डिस्क आत पडली की मॅच परत बरोबरीत. कार्डावर थ्रोचे आकडेही लिहावे लागत नाहीत, नुसतं 'खारघर १ अप' (म्हणजे एका होलने पुढे) किंवा 'बरोबरी' लिहिलं तरी पुरतं. जितके होल उरलेत त्यापेक्षा जास्तने कोणी पुढे गेला की मॅच तिथेच संपली. शेवटी मॅच जिंकली तर टीमला १ पॉइंट, बरोबरी सुटली तर दोघांना अर्धा अर्धा.

यातली खरी गंमत अशी की तुमच्या सगळ्यात भारी खेळाडूने दहा होलने जिंकलं तरी टीमला एकच पॉइंट मिळतो आणि आठ जणांची टीम धरली तर आठव्या नंबरच्या मुलीने शेवटच्या होलवर जिंकलं तरी तोच एक. तुमच्या टीमचं तर मला स्पष्ट दिसतंय, वरचे दोन-तीन पॉइंट तुम्ही घ्यालही, पण मॅच ठरणार पाच ते आठ नंबरवर. म्हणून आतापासून मॅचपर्यंत तुमच्या भारी लोकांनी स्वतःचा लांबचा थ्रो घासत बसण्यापेक्षा नवीन मुलांना दहा मीटरच्या आतले पट् शिकवावेत, त्याने टीमचे पॉइंट जास्त वाढतील.

सांगाडा गोल्फच्या रायडर कप या टीम स्पर्धेसारखा ठेवा. १९२७ पासून चाललेली ती स्पर्धा आज २८ पॉइंटची असते, १६ जोडीच्या मॅचचे आणि १२ सिंगल्सचे. तुम्ही दोन्हीकडून आठ-आठ जण घ्या, आधी ४ डबल्स मग ८ सिंगल्स, एकूण १२ पॉइंट, साडेसहा ज्यांचे ते जिंकले. डबल्समध्ये बेस्ट शॉट खेळा, म्हणजे दोघांनी फेकायचं, त्यातली चांगली जागा निवडायची आणि पुढचा थ्रो पुन्हा दोघांनी तिथूनच. नवीन माणसाला अनुभवी माणसाबरोबर जोडीत घालायला यासारखा प्रकार नाही, कारण त्याचा थ्रो झाडीत गेला तरी नुकसान नाही आणि चांगला पडला तर अख्खी जोडी तिथे जाऊन उभी राहते. आळीपाळीने एकेक थ्रो मारायचा प्रकारही छान आहे पण तो पुढच्या वर्षी, आधी लोकांची भीड चेपू दे.

सिंगल्सच्या जोड्या लावताना दोन्ही कॅप्टननी आपली यादी एक ते आठ अशी खेळाच्या ताकदीनुसार लिहायची आणि ठरलेल्या वेळेला एकदमच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची. कॅप्टन लोकांना डाव टाकायचा मोह होतो, आपला कच्चा गडी त्यांच्या पहिल्यासमोर ढकलून बाकीचे पॉइंट मारायचे वगैरे, पहिल्या वर्षी ते नको. सारख्या लेव्हलचे समोरासमोर आले तरच नवीन माणूस परत खेळायला येतो. चौघांच्या ग्रुपमध्ये दोन सिंगल्स एकत्र पाठवा, चार ग्रुप चार वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू करा, म्हणजे कोणी ताटकळत नाही.

बास्केट नाहीत म्हणून थांबू नका. कॅलिफोर्नियात १९७५ साली एड हेड्रिक यांनी ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स केला तेव्हा तिथेसुद्धा टार्गेट म्हणून खांबच होते, साखळ्यांची बास्केट त्यांनी नंतर आणली. दोन-तीन फोल्डिंग बास्केट असतील तर त्या अवघड होलवर ठेवा, बाकी ठिकाणी झाडाच्या बुंध्याला कापडाची रंगीत पट्टी बांधा आणि पट्टीला डिस्क लागली की होल झाला असं ठरवा. झाडाला खिळा मात्र मारू नका.

आणि परवानगी! आपल्याकडे हे जरा किचकट आहे. ठाण्यातली बाग ठाणे महापालिकेची, ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, आणि तुमच्या खारघरला पनवेल महापालिका लागते पण जागा सिडकोच्या ताब्यातही असू शकते, म्हणून अर्ज लिहायच्या आधी जागा नक्की कोणाकडे आहे ते विचारून घ्या नाहीतर एक टेबल ते दुसरं टेबल करत महिना जाईल. अर्जात 'फ्रिसबी खेळणार' एवढंच लिहू नका. या डिस्क लहान, कडेला टणक आणि फार वेगात जाणाऱ्या असतात, डोक्याला लागली तर खरंच दुखापत होते. सकाळी बागेत चालणारे आजी-आजोबा असतात, त्यामुळे वळणावर आणि पायवाटेजवळ आपला एक माणूस उभा ठेवू असं लेखी द्या आणि खरोखर ठेवा. समोर माणूस असेल तर थांबायचं, मॅच कितीही रंगात आलेली असो. यात माझ्याकडून सूट नाही.

तारीख डिसेंबर ते फेब्रुवारीतली धरा. रविवार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक आधी बघा, ठाण्याची निम्मी टीम ट्रान्स-हार्बर लोकलने येणार असेल आणि तीच बंद निघाली तर सगळं ओमफस. एक मॅच तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, दोन्हीचे पॉइंट एकत्र, कारण आपल्या मैदानावरचा वारा आणि उतार आपल्यालाच माहीत असतो, एकाच मॅचवर निकाल लावला तर पाहुण्यांवर अन्याय होतो. रोख बक्षीस ठेवू नका, एक फिरता चषक ठेवा, जिंकणाऱ्यांकडे पुढच्या मॅचपर्यंत राहील. तो परत मिळवायचा म्हणून तरी पुढची तारीख ठरते.

प्रश्न: आमच्या मॅचमध्ये भांडण झालं. एकाची डिस्क तळ्याच्या अगदी कडेला, आमच्या मते हद्दीच्या आत, त्यांच्या मते हद्दीबाहेर. ग्रुपमध्ये आम्ही दोघं, ते दोघं. मग निर्णय कोणी द्यायचा?
एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: हा प्रश्न टीम मॅचमध्ये येणारच, कारण नेहमीच्या खेळात ग्रुपचं बहुमत चालतं आणि तुमच्यात दोनास दोन झाले की बहुमतच नाही. पीडीजीए म्हणजे या खेळाची १९७६ साली सुरू झालेली संघटना, तिच्या नियमांची दिशा अशी की ग्रुपचं बहुमत होत नसेल तर शंकेचा फायदा फेकणाऱ्याला. तरीही पटत नसेल तर प्रोव्हिजनल खेळा, म्हणजे त्या माणसाने होल दोन्ही पद्धतीने पूर्ण करायचा, एकदा आत धरून आणि एकदा बाहेर धरून, दोन्ही आकडे कार्डावर लिहायचे आणि राउंड संपल्यावर आयोजकाने निकाल द्यायचा. मॅच थांबत नाही आणि आवाजही चढत नाहीत. आयोजक शक्यतो तिसऱ्या क्लबचा किंवा न खेळणारा माणूस असावा, त्याच्या मोबाईलमध्ये नियमावली उघडी असावी. निघायच्या आधी त्याने तीन गोष्टी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून टाकाव्यात: हद्द कुठे आहे, दहा मीटरच्या आत पट् मारल्यावर तोल सावरून उभं राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि डिस्क बास्केटच्या वरच्या पट्टीवर जाऊन बसली तर होल झाला नाही. निम्मी भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.

प्रश्न: आमच्या ऐरोलीच्या ग्रुपमध्ये आम्ही तिघीच मुली आहोत, समोरच्या क्लबमध्ये सात. मुलींची वेगळी टीम करावी का?
एक वाचिका, ऐरोली

उत्तर: आत्ता नको. तिघींची वेगळी टीम केली की एक आजारी पडली तरी मॅच रद्द. त्यापेक्षा आठच्या टीममध्ये निदान दोन मुली हव्यातच असा नियम दोन्ही कॅप्टनकडून लिहून घ्या आणि डबल्सची एक मॅच मिक्स्ड ठेवा. सिंगल्समध्ये जोडी खेळ बघूनच लावा, तुमच्यातली एखादी तिसऱ्या नंबरची असेल तर ती तिसऱ्या नंबरवरच खेळेल, मग समोर कोणी का असेना. या खेळाच्या मोठ्या स्पर्धांमध्येसुद्धा ओपन गट सगळ्यांना खुला असतो आणि महिलांचा गट वेगळा असतो तो जास्तीचा. आठ-दहा जणी झालात की तुमची स्वतंत्र मॅच लावा, समोरच्या क्लबच्या सातजणींना आत्ताच विचारून ठेवा.