कॅल्शियम स्कोअर करावा का? आधी रिपोर्टचं काय करणार ते ठरवा

तुमचं वय ५१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, त्रास काहीच नाही, पण वडिलांना ५३ व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. डॉक्टर कोरोनरी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजणं) करा म्हणतात आणि तुम्हाला वाटतंय, काही होत नसताना कशाला? मीही यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही तपासणी काही होत नसलेल्यांसाठीच असते. छातीत दडपण येत असेल, चालताना धाप लागत असेल तर स्कोअरच्या नादी न लागता लगेच डॉक्टरांना गाठायचं.

तपासणीत त्रास असा नाहीच. छातीला ईसीजीचे इलेक्ट्रोड लावतात, सीटीच्या टेबलावर झोपवतात, श्वास रोखायला सांगतात, दोन-चार फोटो की झालं. इंजेक्शन नाही. रेडिएशनही कमीच, साधारण १ मिलिसिव्हर्ट. खरा पेच रिपोर्ट हातात आल्यावर पडतो.

स्कोअरचा मुख्य उपयोग एकच: स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करायचं की नाही यावर घोडं अडलेलं असेल तर निर्णय करणं. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम धोका असलेल्या माणसाचा स्कोअर १०० किंवा वर आला तर स्टॅटिन घ्यावं. १ ते ९९ मध्येही कल घेण्याकडेच, विशेषतः पंचावन्नच्या पुढे. शून्य आला तर काही वर्षं थांबून पुन्हा बघता येतं. पण नीट वाचा, या शून्याच्या सवलतीतून सिगारेट ओढणारे, मधुमेही आणि घरात कमी वयातल्या हृदयविकाराचा इतिहास असलेले वगळले आहेत. वडील किंवा भावाला ५५ च्या आत झाला तर तो कमी वयातला धरतात, म्हणजे तुम्ही त्यात बसता. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा, "शून्य आला तरी तुम्ही गोळी देणार का?" उत्तर हो असेल आणि तुम्हीही ती घ्यायला तयार असाल, तर तपासणीने फारसं काही बदलणार नाही.

शून्य म्हणजे धमन्या स्वच्छ, असंही नाही. कॅल्शियम न साचलेला मऊ प्लाक (धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर) या सीटीत दिसत नाही. धोका बराच कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उलट आकडा मोठा आला तर घाबरून लगेच अँजिओग्राफीला धावू नका, हे मी कळकळीने सांगतोय. हा आकडा कॅल्शियमचा आहे, धमनी किती टक्के बंद आहे याचा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या वैद्यकीय अभ्यासात तर स्ट्रेस टेस्टमध्ये ठळक दोष दिसलेले, पण प्रकृती स्थिर असलेले रुग्ण होते. त्यांच्यातही आधी औषधं देऊन बघण्याच्या तुलनेत, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू वा अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. त्रास नसताना मोठ्या स्कोअरवरचा उपाय म्हणजे स्टॅटिन, बीपी-साखरेवर ताबा, तंबाखू बंद, रोजचं चालणं. आणि स्टॅटिन घेतल्यावर स्कोअर वाढू शकतो, कारण मऊ प्लाक घट्ट होतो. त्यामुळे औषध लागू पडतंय का हे बघायला दरवर्षी सीटी करू नका.

त्याच सीटीत फुप्फुसाचाही काही भाग येतो. एखादी बारीक गाठ दिसली की पुढच्या सीटीचं शेपूट लागतं. बहुतेक वेळा निघत काही नाही, पण मधले महिने जिवाला घोर.

तुमच्या जागी मी असतो तर? गोळी घ्यावी की नाही यावर मन खरंच डळमळत असेल तर केली असती. शिवाय घरचा इतिहास पाहता लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही रक्ततपासणी एकदा करून घ्या. हे प्रमाण बरंचसं आनुवंशिक असतं, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते, आणि ते जास्त निघालं तर कदाचित गोळीचा निर्णय सीटीआधीच होऊन जाईल.