लाल दिवा विझला, तरी बॅटरी का उतरते?

प्रश्न : आजोबांची १९५८ सालची मॉरिस मायनर आम्ही अजून चालती ठेवली आहे. गाडी वेगात असताना चार्जिंगचा लाल दिवा विझलेला असतो. तरीही संध्याकाळी गावातून फिरून आलो की दुसऱ्या सकाळी बॅटरी उतरलेली असते. लक्ष ठेवण्यासाठी अ‍ॅमीटर (प्रवाह मोजणारा) बसवावा की व्होल्टमीटर (विजेचा दाब मोजणारा)?

उत्तर : व्होल्टमीटर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लाल दिव्याचे एक टोक इग्निशनच्या बाजूला आणि दुसरे डायनामोला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडलेले असते, त्यामुळे दोन्हीकडचा विजेचा दाब जवळजवळ सारखा झाला की तो विझतो; बॅटरीत किती प्रवाह जातो आहे, किंवा जातो आहे की नाही, हे तो सांगत नाही. आपल्या गाडीचा डायनामो वेगात सुमारे २० अँपिअर देतो, परंतु इंजिन आयडलवर असताना जवळजवळ काहीच देत नाही. हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन मिळून १० ते १२ अँपिअर लागतात, आणि सिग्नलपाशी थांबल्यावर तो सारा भार एकट्या बॅटरीवर येतो. म्हणजे आपली तक्रार बिघाडामुळेच असेल असे नाही.

अ‍ॅमीटरचा काटा शून्याजवळ थांबला, तर बॅटरी भरली आहे की डायनामो बंद पडला आहे, हे कळत नाही. शिवाय त्यासाठी चार्जिंगची जाड वायर डॅशच्या मागे न्यावी लागते, आणि साठ वर्षांहून जुन्या वायरिंगमध्ये तिथला एखादा नट सैल होऊन तापणे मला फार धोक्याचे वाटते. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते.

जोडताना मात्र एक काळजी घ्यावी. या गाडीत मुळात बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असते. पुढे कोणी ते बदलले आहे का, हे आधी बॅटरीपाशी पाहावे. बदललेले नसेल, तर मीटरचे प्लस बॉडीला आणि मायनस फ्यूजबॉक्सच्या ‘ए-४’ टर्मिनलला जोडावे. तिथे इग्निशन चालू असतानाच, फ्यूजमधून प्रवाह येतो, त्यामुळे उभ्या गाडीत मीटर बॅटरी खात नाही.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. दिवे बंद ठेवून मोकळ्या रस्त्यावर चालवताना काटा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यावा. तो तेराच्या खालीच राहिला, तर प्रथम फॅनबेल्ट, मग डायनामोमधले कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर तपासून घ्यावेत, रेग्युलेटरला (डायनामोचा दाब आवरणाऱ्या भागाला) त्यानंतरच हात लावावा. उलट काटा सतत पंधराच्या वर राहत असेल, तर बॅटरीतले पाणी लवकर आटते. अशा वेळी रेग्युलेटर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच जुळवून घ्यावा. मीटर ठीक दाखवत असेल, तर संध्याकाळच्या फेरीनंतर घरच्या चार्जरवर बॅटरी रात्रभर मंद प्रवाहाने भरून ठेवावी.