नजर आरशामागे जाते का?

प्रश्न : माझे मिस्टर (वय 38) मोटरसायकलवरून पडले, डोक्याला जबर मार लागला. अडीच महिने झाले. आता डोळे उघडतात, पण बोलत नाहीत. 'हात दाबा' म्हटलं तर कधी दाबतात, कधी नाही. कागदावर 'व्हेजिटेटिव्ह' लिहिलंय. सासूबाई म्हणतात, तो माझ्याकडे बघतो. दीर म्हणतात, भास आहे. कुणाचं खरं मानू? आणि त्यांच्यासमोर खर्चाचं बोललं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, सासूबाईंचं म्हणणं तपासल्याशिवाय खोडून काढू नका. मी मेंदूला मार लागलेल्या रुग्णांची फिजिओथेरपिस्ट आहे. एका मुलाच्या कागदावर मी स्वतः 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं होतं. त्याची आई रोज सांगायची, 'सकाळी या हो, सकाळी बघतो तो.' मी जायची दुपारी, फिट्सच्या गोळीनंतर. शेवटी एकदा सकाळी साडेसातला गेले. आईने पर्समधला छोटा आरसा काढून त्याच्या तोंडासमोर धरला आणि सावकाश डावीकडे नेला. त्याचे डोळे आरशामागे गेले. त्या आईची मी माफी मागितली.

डोळे उघडे असणं म्हणजे जागेपण. जाणीव ही वेगळी गोष्ट. जागेपण आहे पण जाणिवेची खूण दिसत नाही, त्या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह' म्हणतात. जाणीव परतत असेल तर बऱ्याचदा ती आधी नजरेत दिसते. ते तपासायला 'सीआरएस-आर' नावाची पद्धत आहे. ऐकणं, पाहणं, हालचाल वगैरे सहा भागांत 0 ते 23 गुण देतात. 2009 साली बेल्जियममधल्या एका अभ्यासात, नेहमीच्या तपासणीत 'व्हेजिटेटिव्ह' ठरलेल्या 44 पैकी 18 जणांत या पद्धतीने थोडी का होईना जाणीव सापडली. म्हणजे चूक होते, आणि ती थोडीथोडकी नाही. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा ही तपासणी करा, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नजर तपासायला पेनापेक्षा आरसा चांगला, कारण स्वतःचा चेहरा नजरेला जास्त ओढतो. चेहऱ्यापासून 10-15 सेंटीमीटरवर धरून सावकाश डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्यायचा. प्रत्येक बाजूला दोनदा. नजर मध्येच न सुटता दोन वेळा तरी मागे गेली, तर ती खूण धरायची. घरी केलंत तर व्हिडिओ काढा, वेळ आणि आधी दिलेली गोळी वहीत लिहा. दीरांना हाच व्हिडिओ दाखवा.

हात दाबण्यावर मात्र विसंबू नका. तळहातात बोट ठेवलं की मूठ आपोआप मिटते, तान्ह्या बाळाची मिटते तशी. त्याऐवजी 'अंगठा वर करा' सांगा, आणि तुमच्या घरात बोलता त्याच बोलीत सांगा. घरी सांगलीची मराठी बोलणाऱ्या माणसाला हिंदीतून 'ऊपर देखो' म्हणून काय कळणार?

नजर सापडली म्हणजे ते उद्या बोलू लागतील, असं मी म्हणणार नाही. पण मग त्या अवस्थेचं नाव बदलतं, 'किमान जाणीव', आणि पुढची आशा व उपचारही बदलतात. अडीच महिने म्हणजे अपघाताच्या दुखापतीत उशीर नव्हे. वर्षभर सुधारणा होऊ शकते, कधी त्यानंतरही. ताप, लघवीचा संसर्ग, मेंदूत साठलेलं पाणी, गुंगीच्या गोळ्या यांनीही माणूस मंद दिसतो. हे सगळं डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र स्वतः बंद करू नका.

आता खर्चाचं. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणारे 241 रुग्ण होते. मेंदूचं काम टिपणाऱ्या यंत्रांवर त्यांतल्या 60 जणांच्या मेंदूने सूचना पाळलेली दिसली. शरीर हललं नव्हतं, आतला माणूस ऐकत होता. तेव्हा कर्जाचं, जमीन विकण्याचं, 'किती दिवस असं' हे बोलणं खोलीबाहेर व्हरांड्यात. आत गेल्यावर आधी त्यांना नावाने किंवा घरच्या हाकेने बोलवा, कोण आलंय ते सांगा, मग अंगाला हात लावा.