गडचिरोलीच्या संघर्षावर प्रबंध लिहायला चकमकींची आकडेवारी पुरेल का?

तुम्ही विचारलंय की समाजशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी गडचिरोलीतला नक्षलवाद हा विषय घेतलाय, चकमकी आणि मृतांचा वर्षवार तक्ता हाताशी आहे, तेवढ्यावर काम भागेल का. माझ्या मते भागणार नाही. मी याच जिल्ह्यात लहानाचा मोठा झालो, इथेच समाजशास्त्र शिकवतो, आणि असा तक्ता घेऊन येणारी मुलं दरवर्षी भेटतात. तक्त्यात खोटं काही नसतं, पण माणसं कशी जगली ते त्यातून कळत नाही.

2018 ची गोष्ट घ्या. 22 एप्रिलला भामरागडच्या बाजूला बोरिया-कसनासूरच्या जंगलात, इंद्रावतीच्या काठावर चकमक झाली. पहिल्या दिवशी 16 मृतदेह मिळाले. पुढच्या दिवसांत नदीच्या पाण्यातून आणखी निघत गेले आणि आकडा तिशीपार गेला. त्याच वेळी एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीचे आईबाप आपली मुलं शोधत होते. मुलं लग्नाला म्हणून गेली होती, असं ते सांगत होते. ती दलमात, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, नुकतीच भरती झाली होती, असं पोलिसांचं म्हणणं. तुमच्या तक्त्यात ती ‘नक्षलवादी ठार’ या रकान्यात जातील आणि विषय संपेल. अभ्यास मात्र तिथूनच सुरू व्हायला हवा. गावात शाळा सुटलेला पोरगा दलमाची पोती वाहतो, त्यांच्या नाचगाण्याला जातो, दोन रात्री जंगलात काढतो. त्याला त्याचं गाव काय म्हणतं, घरचे काय म्हणतात, आणि तो परत फिरू शकतो तो क्षण नेमका कधी संपतो?

पुढे जानेवारी 2019 मध्ये कसनासूरच्याच तीन गावकऱ्यांना नक्षलवाद्यांनी मारून रस्त्यावर टाकलं. त्या चकमकीची खबर यांनी दिली, हा आरोप. गावातली माणसं जीव मुठीत धरून ताडगावच्या पोलीस ठाण्यात आश्रयाला गेली. तक्त्यात हे तीन मृत्यू वेगळ्या वर्षात, वेगळ्या रकान्यात पडतात, आणि आदल्या एप्रिलशी असलेला त्यांचा धागा तुटतो.

माझं ऐकाल तर ‘खबऱ्या’ हाच तुमचा विषय करा. एखाद्या माणसावर हा शिक्का कसा बसतो ते शोधा. कुणी नवी गाडी घेतली, कुणी रस्त्याच्या कामावर मुकादम झाला, कुणी दाखल्यासाठी दोनदा तालुक्याला जाऊन आला, कुणाचा भावकीत धुऱ्यावरून वाद आहे. एवढ्यावरून कुजबुज सुरू होते आणि कधी ती दलमापर्यंत पोहोचते. हेच दुसऱ्या दिशेनेही घडतं. रात्री बंदूकधारी दारात येऊन भात मागतात, नाही म्हणायची सोय नसते, आणि सकाळी तेच घर ‘नक्षल समर्थक’ ठरतं. जगभरच्या यादवी युद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे मांडलंय की, ज्या भागावर कुठल्याच बाजूचा पूर्ण ताबा नसतो तिथे दोन्हीकडची बंदूक शेजाऱ्याच्या माहितीवर चालते आणि त्या माहितीत जुनी वैरं मिसळलेली असतात. पोलीस पाटील, सरपंच अशी सरकारची सगळ्यात खालची माणसं इथे का मारली गेली, तेही यातून उलगडतं. ती त्याच गावात झोपायची.

दुसरी गोष्ट तेंदूपत्त्याची, आणि ती मला चकमकींहून महत्त्वाची वाटते. 1980 मध्ये आंध्रातून प्राणहिता ओलांडून पहिली तुकडी सिरोंच्यात आली. तिचा म्होरक्या पेद्दी शंकर त्याच वर्षी मारला गेला, तरी दलमं रुजली. कारण मजुरीचा प्रश्न खरा होता. मे महिन्यात अख्खं घर पहाटे जंगलात जातं, पानं तोडतं, दुपारी सावलीत बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधतं आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी नेतं. तिथे ठेकेदाराचा मुन्शी पुडे मोजतो. कुठला पुडा ‘खराब’ म्हणून बाजूला टाकायचा हेही तोच ठरवायचा. दलमाच्या धाकाने शेकड्याचा भाव वाढला, बांबू कटाईची मजुरी वाढली, वनकर्मचाऱ्यांनी फुकट कोंबड्या आणि बेगार घेणं थांबलं. जुनी माणसं हे आजही सांगतात. आणि त्याच ठेकेदाराकडून दलमाने खंडणी घेतली, हेही तितकंच खरं. पहिलं सोडलंत तर प्रबंध सरकारी अहवाल होईल, दुसरं सोडलंत तर पत्रक.

मग ग्रामसभांचा टप्पा येतो. 2009 मध्ये मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूची वाहतूक परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हातात आली. नंतर कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला की मुन्शी, ठेकेदार, दलम आणि वनखातं, सगळ्यांचंच वजन बदलतं. नक्षलवाद ओसरण्याचं श्रेय फक्त बंदुकीला देणाऱ्यांनी या खात्यांची पासबुकं एकदा पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

पोलिसांच्या सी-60 या नक्षलविरोधी पथकाबद्दल लिहाल तेव्हा शौर्य आणि अत्याचार यांच्या पलीकडे बघा. 1990 मध्ये उभं राहिलेलं हे पथक इथल्याच, माडिया-गोंडी बोलणाऱ्या पोरांचं. दलमातला आणि पथकातला एकाच आडनावाचे, कधी एकाच गावचे. जवानाला आईच्या आजारपणातही गावी मुक्काम करता येत नाही, म्हणून कुटुंबं गाव-शेती सोडून गडचिरोलीत भाड्याच्या खोल्यांत येतात. या विस्थापनाची मोजदाद तुमच्या तक्त्यात नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपतीने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्यामुळे आत्मसमर्पितांच्या मुलाखती घेण्याचा मोह तुम्हाला होणारच. घ्या, पण हे लक्षात ठेवा की त्यांनी आपली कहाणी पोलिसांना, पत्रकारांना पुन्हापुन्हा सांगितलेली असते आणि तिला एक साचा आलेला असतो. ‘का गेलात’ असं विचारलंत की तोच साचा पुढे येतो. त्यापेक्षा स्वयंपाक कोण करायचं, आजारी पडलात तर काय, घरी निरोप कसा पाठवायचात, हे विचारा. दलमात लग्नाआधी पुरुषांची नसबंदी केली जायची, आणि बाहेर आल्यावर मूल व्हावं म्हणून काहींनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली. अशी गोष्ट कुणी आपणहून बोललं, तर ऐकून घ्या. उकरू नका.

पोलिसांच्या गाडीतून गावात जाऊ नका, आणि दुभाषी गावातलाच घेऊ नका. तुम्ही परतल्यावर त्याला तिथेच राहायचं असतं. वहीत खरी नावं, गावाचं नाव, तारीख एकत्र लिहू नका. मोबाइलवर रेकॉर्डिंग तर अजिबात नको.

आणि सगळा जिल्हा घेऊ नका. धानोरा किंवा कोरची असा एकच तालुका, त्यातली चार गावं घ्या. ग्रामसभांचे ठराव, तेंदूचे हिशेब, त्या गावांशी संबंधित सत्र न्यायालयाचे निकाल आणि नागपूरच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा. धान निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हा लोकांना बसायला वेळ असतो.